पुढे फियाट, मागे स्विफ्ट : पुणे–महाबळेश्वर–गुहागर–कोल्हापूर

गाड्या दोन. १९७०ची फियाट ११०० डिलाइट आणि २०२४ची मारुती स्विफ्ट, पेट्रोल, हाताच्या गियरची. मार्ग मुद्दाम घाटांचा निवडला, कारण सपाट रस्त्यावर जुन्या-नव्यातला फरक फार तर आवाजात आणि वेगात कळतो. घाटात मात्र गाडीचं सगळं उघडं पडतं: इंजिन, ब्रेक, रेडिएटर आणि चालवणाऱ्याचा डावा पायसुद्धा.

कागदावर या दोघी किती सारख्या आहेत ते पाहून नवल वाटतं. फियाटचं इंजिन १,०८९ सीसी आणि चार सिलिंडरचं, स्विफ्टचं १,१९७ सीसी आणि तीन सिलिंडरचं. वजन दोघींचं ९०० किलोच्या अलीकडे-पलीकडे. टाकी एकीची ३८ लिटर, दुसरीची ३७. लांबीला तर जुनीच सरस: ३.९३ मीटर, आणि स्विफ्ट ३.८६. चार मीटर आणि १,२०० सीसीच्या आतली गाडी 'छोटी' धरून तिला कमी कर लावतात. त्या हिशेबाने फियाटही आज छोट्या गाडीतच बसली असती. तिच्या काळात मात्र ती अख्ख्या कुटुंबाची मोठी गाडी होती आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. खरा फरक दोन आकड्यांत आहे. रुंदी १.४६ मीटर विरुद्ध १.७३, आणि ताकद ४०च्या आसपास विरुद्ध ८०च्या वर.

निघण्याआधी

स्विफ्टची तयारी सांगण्यासारखी नाही. टायरची हवा, काच धुण्याचं पाणी, चावीचा बटन-सेल. झालं.

फियाटचं काम मोठं, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पेट्रोलच्या वाटेचं. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. जुन्या काळ्या रबरी नळ्या आणि इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा त्याने आधी फुगतो, मग मऊ पडतो, मग त्याचे कण सुटून पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, अडकतात. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या लवचीक नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, पंपाचा पडदा बदलावा आणि पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर लावावा. त्यात कचरा डोळ्यांनी दिसतो. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण हलकं पडून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन तापतं. मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा घातला की चढणीवरचा धडधडाट जातो. स्विफ्टचा संगणक हे काम सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरवरून स्वतः करतो, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

बाकी सीबी पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या टोकांची, फट ०.४५ मिमीच्या आसपास, प्लगची ०.६. ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, नुसतं वरून भरायचं नाही. रेडिएटर उलटा धुऊन घ्यायचा, म्हणजे पाण्याचा पाइप खालच्या तोंडाला लावायचा आणि वरून गाळ बाहेर काढायचा. सोबत फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, चालू असलेली जुनी कॉइल, पंपाचा किट, दोन मीटर पेट्रोल नळी आणि क्लिपा, एक ट्यूब, पाच लिटर पाणी, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलचा डबा आणि आग विझवण्याचं नळकांडं. शेवटच्या वस्तूवर कंजूषी नको.

दोन गाड्या बरोबर असतील तर जुनी पुढे ठेवावी. वेग तीच ठरवते, आणि तिचे मागचे दिवे इतके मिणमिणते असतात की पाठीशी नव्या गाडीचे दिवे असलेले बरे.

पहिला दिवस : पुणे – वाई – महाबळेश्वर

कात्रजचा नवा बोगदा उजाडायच्या आत ओलांडला आणि शिरवळला पहिला चहा. थंडी चांगलीच होती. फियाटला ती मानवते, पण आत बसलेल्यांना नाही, कारण दारांच्या रबरांतून वारा येतो. खंबाटकी घाट दुसऱ्या गियरवर, ट्रकांच्या मागोमाग, तापमानाचा काटा मधोमध ठेवून चढली. सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाई. ढोल्या गणपतीसमोर कृष्णेच्या घाटावर गाडी लावली तर पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं गोळा. स्विफ्टकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. एका आजोबांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "डुक्कर फियाट का ही?" नाही आजोबा. डुक्कर फियाट ती १९५४ची मिलेचेंटो, पुढची दारं मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. ही तिच्यानंतरची, १९६४ पासूनची डिलाइट. हीच पुढे १९७४ला प्रीमियर पद्मिनी झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत राहिली. म्हणूनच हिचे सुटे भाग आजही सापडतात.

पसरणी घाटात शनिवारची रांग लागली होती. एसटी, तिच्यामागे सहलीच्या बसेस, मग आपण. मिनिटभर चालायचं, दोन मिनिटं थांबायचं. अर्ध्या चढावर फियाटने खोकल्यासारखं केलं, पेट्रोल संपल्यागत दोन आचके दिले आणि बंद. हा व्हेपर लॉक.

यात होतं काय, तर पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बसवलेला असतो. गाडी चालती असेल तर वारा लागतो, रांगेत उभी असेल तर इंजिनची सगळी धग पंपावर आणि नळीवर. पेट्रोलचे हलके भाग कमी तापमानालाच उकळतात, त्यात इथेनॉल ७८ अंशांना. नळीत वाफेचा फुगा झाला की पंप वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. इंजिन पूर्ण तापलेलं असताना स्टार्टर मारत राहिलं तर फक्त बॅटरी उतरते.

उपाय जुना आहे आणि तो सांगायला एक वडापवाला, म्हणजे शेअर जीपवाला, आपणहून थांबला. "पंपावर ओलं बारदान टाका दादा, आन् धा मिनिटं गप बसा." बारदानही त्यानेच काढून दिलं. बॉनेट उघडं, पंपावर आणि कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर ओलं बारदान, पंधरा मिनिटं. मग पंपाच्या खालची हाताची दांडी दहा-बारा वेळा दाबून कार्बोरेटरचं भांडं भरून घ्यायचं आणि ॲक्सिलरेटर अर्धा दाबून स्टार्टर. पहिल्या फटक्यात चालू. पाणी एक्झॉस्टच्या तापलेल्या बिडावर सांडू द्यायचं नाही, तडा जातो. कायमचा इलाज हवा असेल तर नळी एक्झॉस्टपासून लांबून फिरवावी, तिच्यावर उष्णतारोधक बाही चढवावी आणि पंप व इंजिनचा ब्लॉक यांच्यामधला, धग अडवणारा बॅकेलाइटचा जाड तुकडा शाबूत आहे ना ते पाहावं. बऱ्याच गाड्यांत तो कधीतरी मोडून गायब झालेला असतो आणि जागेवर नुसतं गॅस्केट असतं.

स्विफ्ट याच रांगेत एसी लावून शांत उभी होती. तिचा पेट्रोल पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडलेला. तो मागून दाबाने ढकलतो, पुढून ओढत नाही, म्हणून वाफेला जागाच राहत नाही. रेडिएटरचा पंखा विजेवर, तापमान वाढलं की आपोआप सुरू होतो. फियाटचा पंखा पट्ट्यावर, इंजिन जितकं हळू तितका तोही हळू. म्हणजे वाऱ्याची गरज जास्त असते नेमका तेव्हाच तो सुस्त. रांगेत उभं असताना गियर काढून ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवला की काटा खाली येतो.

महाबळेश्वरला पोचेपर्यंत दुपार. इथली उंची १,३५० मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो खाली सोडायचा तेवढंच पेट्रोल इथेही सोडतो. परिणाम: जड पिकअप, काळा धूर, प्लगवर काजळी. स्विफ्ट दाब मोजून पेट्रोल कमी करते. तिचीही ताकद कमी झालेली असते, पण मुळातच दुप्पट असल्याने जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं असेल तर स्क्रू पिळत बसू नये, प्लग काढून तारेच्या ब्रशने पुसावेत एवढंच. संध्याकाळी जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ, परतताना मक्याची कणसं आणि स्ट्रॉबेरी. जानेवारीत ती स्वस्त आणि चांगली मिळते, रस्त्याकडेच्या टपरीवर चव घेऊनच घ्या, लाल दिसते ती सगळी गोड नसते.

दुसरा दिवस : आंबेनळी घाटाने पोलादपूर, पुढे चिपळूण

सकाळी काचेवर दव आणि फियाटचं इंजिन गारठलेलं. सोलेक्सच्या ज्या कार्बोरेटरला चोकची झडप नसते, थंडीसाठी पेट्रोलची वेगळी वाट असते, त्यात स्टार्टर मारताना ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. लावला की त्या वाटेची ओढ मोडते आणि गाडी उगाच रुसते. चोक पूर्ण ओढा, क्लच दाबा, स्टार्टर दहा सेकंदांच्या आत, पकडल्यावर चोक अर्धा आणि दोन-तीन मिनिटांत पूर्ण आत. चोक तसाच राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. तेच झिजेचं मूळ. स्विफ्टवाल्यांनी बटण दाबलं आणि हीटर लावला.

आजचा दिवस ब्रेकचा. महाबळेश्वरहून पोलादपूर साधारण ४० किलोमीटर आणि जवळजवळ सगळी उतरण, १,२०० मीटरच्या वर. गाडी आणि माणसं मिळून १,१०० किलो धरली तर एवढं खाली उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती वीजबिलाच्या भाषेत साडेतीन युनिटच्या घरात जाते. ती सगळी ब्रेकमध्ये जिरवायची की इंजिनमध्ये, हे चालवणाऱ्याने ठरवायचं.

फियाटला चारही चाकांना ड्रम. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या पट्टीपासून, लांब जातो, पेडल खोल जायला लागतं. लायनर तापला की त्याची पकड कमी होते. आणि या सगळ्याची धग व्हील सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचली तर ते उकळतं. डॉट-३ ऑइल ताजं असताना २०५ अंशांपर्यंत टिकतं, हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की १४० अंशांनाच उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि पेडल थेट जमिनीला. त्यात या गाडीच्या ब्रेकची लाइन एकच आहे. एक पाइप फुटला तर चारही चाकं गेली. म्हणून निघण्यापूर्वी ऑइल बदलायला सांगितलं, ती हौस नाही.

रीत अशी: ज्या गियरमध्ये हा घाट चढला असता त्याच गियरमध्ये उतरायचं. आंबेनळीत बहुतेक ठिकाणी दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. वळणाआधी एकदा ठाम दाबायचा, वेग २० वर आणायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. पहिल्या गियरला सिंक्रो, म्हणजे दात जुळवून घेणारी सोय, नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला घालायला गेलात तर करकर ऐकू येईल. तीव्र वळणावर पहिला लागणार असेल तर आधी पूर्ण थांबा.

प्रतापगडाच्या फाट्यावर, वाडा कुंभरोशीला, गाडी थंड करायला थांबलो. चुलीवरची पिठलं-भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ताक. चाकाला हात न लावता जवळ तळवा धरला तरी पुढच्या ड्रमची धग कळत होती. अशा वेळी हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. तापलेला ड्रम लायनरवर आवळून थंड झाला की वाकडा होतो आणि मग पेडल थरथरतं. गाडी गियरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगडाची उटी. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने घाटाच्या अरुंद जागी स्वतःहून गाडी मागे घेऊन वाट दिली, हात वर करून हसला. फियाटला हे असं वाटेत मिळतं, स्विफ्टला त्याच ड्रायव्हरने हॉर्न मारला.

स्विफ्टला पुढे डिस्क आहेत, मागे मात्र तिलाही ड्रमच. डिस्क उघड्या वाऱ्यात फिरते आणि तापून फुगली तर पॅडच्या दिशेने फुगते, म्हणून पेडल खोल जात नाही. ब्रेकच्या लाइनी दोन, एबीएस, सगळं आहे. तरीही तिसऱ्या गियरमध्ये ब्रेक दाबत उतरणारे लोक पाहिले की भीती वाटते. तिनेही दुसऱ्यातच उतरावं. आणखी एक फायदा: उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की स्विफ्ट इंजेक्टर पूर्ण बंद करते, पेट्रोल शून्य. फियाटचा कार्बोरेटर उतरतानाही थेंब थेंब सोडत राहतो, सायलेन्सरमधून फट-फट येते ती त्याचीच.

पोलादपूरला खाली आल्यावर स्वेटर डिकीत गेले. कशेडीचा घाट आता बोगद्याने टळतो. बोगद्यात फियाटच्या पिवळ्या दिव्यांचा उजेड किती थोडा आहे ते चांगलंच कळतं. चिपळूणला रात्रीचं जेवण सुरमई, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. जेवणावर इतकंच, कारण ते चांगलं असणार हे सगळ्यांना माहीत आहे.

तिसरा दिवस : गुहागर – वेळणेश्वर – तवसाळची फेरीबोट – गणपतीपुळे

या भागातले आतले रस्ते दोन बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मधून एक गाडी जाईल एवढे. इथे फियाटने स्विफ्टला सरळ हरवलं. २७ सेंटीमीटर कमी रुंदी, बारीक खांब, मोठ्या काचा, बॉनेटची दोन्ही टोकं चालवणाऱ्याला दिसतात. समोरून टेम्पो आला की ती कडेला अंग चोरून उभी राहते. स्विफ्टवाले आरसे मिटत आणि मागचा कॅमेरा बघत. हेदवीच्या अलीकडे अशाच एका टेम्पोला वाट देताना स्विफ्टचं चाक डांबराच्या तुटलेल्या कडेवरून उतरलं आणि टायरच्या गालाला चीर गेली. गालाची चीर शिवता येत नाही, पंक्चर किट तिथे निरुपयोगी. स्टेपनी लावून पुढे. कोकणात निघताना स्टेपनीची हवा तपासा, वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

वेळणेश्वरला देवळाबाहेर सरबत विकणाऱ्या काकांनी गाडीचा आवाज ऐकून मान वर केली. मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवलेली. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट जरा सैल आहे. राहू दे, सैल बोलतो, घट्ट जळतो." हे त्यांनी लाखात एक सांगितलं. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची, फट जास्त असेल तर टकटक ऐकू येते आणि दुरुस्त करता येते, कमी असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि आवाज न करता जळून जातो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, २० वर्षांची मर्यादा संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. काकांनी स्वतःची गाडी त्याच्या आधीच भंगारात दिली होती. "पाच हजार सुटले," म्हणाले, आणि सरबताचे पैसे घेतले नाहीत.

तवसाळहून जयगडला फेरीबोट. वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून घ्या. ओहोटीला बोटीचा पाटा आणि धक्का यांत मोठा कोन पडतो. फियाट उंच उभी असली तरी सायलेन्सरचं टोक घासू शकतं, स्विफ्टचा पुढचा बंपर. दोघींनाही तिरकं, एकेक चाक चढवत न्यावं. बोटीत हँडब्रेक आणि गियर दोन्ही. उतरल्यावर जमलं तर त्याच संध्याकाळी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. फियाटचा पत्रा जाड असल्याचं कौतुक सगळे करतात, पण गंजापासून संरक्षणाचा लेप त्या काळी जवळपास नव्हताच. दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायची जागा आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथे बसतात तिथे ती आतून कुजते. रंगाला फुगा दिसला की समजायचं, आत भोक पडून झालंय. स्विफ्टचा पत्रा पातळ, पण जस्ताचा मुलामा असलेला आणि रंगाच्या कुंडात बुडवून काढलेला.

जयगडहून गणपतीपुळ्याला येताना अंधार पडला आणि फियाटचा चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकायला लागला. वीज बनवायला फियाटला अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. तो पूर्ण वेगात असताना दोन-अडीचशे वॅट देतो, इंजिन मंद चालत असेल तर जवळजवळ काहीच नाही. पुढचे दोन दिवे, मागचे दिवे, हॉर्न आणि प्रज्वलन एवढ्यातच तो संपतो. स्विफ्टचा अल्टरनेटर हजार वॅटच्या आसपास, आणि मंद चालतानाही कामाचा. दिवा वेग वाढवल्यावर जात असेल तर काळजी नाही. वेगातही लुकलुकत असेल तर दोष पट्ट्यात, कार्बन ब्रशमध्ये किंवा बुशमध्ये, म्हणजे डायनॅमोचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीत. पट्टा अंगठ्याने दाबून एक-सव्वा सेंटीमीटर आत जात होता, म्हणजे ठीक. दोष आत होता. खालच्या दिव्यांवर, स्विफ्टला पुढे घेऊन, तिच्या उजेडात मुक्काम गाठला.

चौथा दिवस : आंबा घाटाने कोल्हापूर

सकाळी घावन आणि चटणी, मग हातखंबा, साखरपा, आंबा घाट. दिवसा डायनॅमोची चिंता नसते, प्रज्वलनाला बॅटरी पुरते. पसरणीचा अनुभव धरून फियाटने घाट सकाळी दहाच्या आत चढला, रिकाम्या रस्त्यावर, थंड हवेत, एकदाही न खोकता. घाटाच्या जागा लवकर गाठणं हाच जुन्या गाडीचा सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे. मलकापूरला मिसळ खाऊन दुपारी कोल्हापूर.

शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही बोळात शिरा, लेथ चालू असतो. डायनॅमो उतरवला: दोन नटबोल्ट, दोन वायरी, पट्टा. उघडल्यावर कार्बन ब्रश झिजून निम्मे, आणि मागचा बुश अंडाकृती. बुश झिजला की आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा गाभा, डुलतं, ब्रश त्याच्या कम्युटेटरवर, म्हणजे टोकाच्या तांब्याच्या कड्यावर, नीट टेकत नाहीत, म्हणून लुकलुक. लेथवाल्याने व्हर्नियर लावलं, गनमेटलचा दांडा निवडला आणि बुश कातून दिला. तोवर शेजारच्याने कम्युटेटरवर बारीक पॉलिश पेपर फिरवून मधल्या फटींतला कार्बन करवतीच्या पात्याने साफ केला. "असला जुना माल लई दिवसांनी हातात आला बघा," म्हणाला. दोन तासांत डायनॅमो परत जागेवर. बसवल्यावर त्याला बॅटरीकडून क्षणभर करंट दाखवून ध्रुव ठरवून घ्यावे लागतात, नाहीतर तो उलटा चार्ज करू शकतो.

स्विफ्टचा अल्टरनेटर बिघडला तर शक्यतो अख्खा बदलतात. तो बिघडण्याची वेळ सहसा लाखभर किलोमीटरनंतर येते, हेही मान्य करायला हवं. पण आली की वाटेत लेथवाला काही करू शकत नाही. तिची इंजिनची खूण डॅशबोर्डवर पेटली तर आधी स्कॅनर लागतो.

रात्री तांबडा-पांढरा. कोल्हापूरला गाड्यांचं कौतुक निराळंच, दसऱ्याला छत्रपतींची १९३६ची मेबॅक निघते ती पाहायला लोक थांबतात. त्या शहरात फियाटला कोणी 'जुनी' म्हणालं नाही.

पाचवा दिवस : कोल्हापूर – सातारा – पुणे

या दिवशी लिहिण्यासारखं कमी आणि दमवणारं जास्त. महामार्गावर फियाट ६५-७०ला सुखी. ८०ला आवाज इतका की बोलणं बंद आणि काटा चढायला लागतो. चढता काटा दिसला की थांबायचंच, कारण ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं तर हेड वाकतं आणि गॅस्केट फुंकतं. थांबल्यावर लगेच गार पाणी ओतू नका. ट्रक ओलांडताना वाऱ्याच्या झोताने गाडी अर्धा फूट सरकते, त्यात स्टीयरिंगला खेळ. पट्टे नाहीत, डोकं टेकायला आधार नाही, समोर लोखंडी डॅशबोर्ड. स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग. या एका बाबतीत तुलना करण्यात अर्थ नाही. लहान मुलं बरोबर असतील तर ती स्विफ्टमध्येच बसवावीत, त्यांनी फियाटसाठी कितीही हट्ट केला तरी.

पेट्रोलचा हिशेब टाकी भरून ते टाकी भरून: फियाट घाटात लिटरला दहाच्या आत-बाहेर, महामार्गावर तेराच्या आसपास. स्विफ्ट सरासरी अठराच्या पुढे, तेही फियाटच्या चालीने रखडत. धुराचं म्हणाल तर पीयूसीला जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, नव्या गाडीला ०.३.

साताऱ्याला कंदी पेढे घेतले. परतीला खंबाटकीचा घाट नाही, बोगदा.

कागदांबद्दल नेहमी विचारतात म्हणून: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण मग ती रोजच्या वापराला किंवा अशा भटकंतीला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी. फिरवायची असेल तर जुनाच नंबर ठेवून दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर भरत राहा. २० वर्षांवरील मोटारीचं नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं आहे.

परत आल्यावर

स्विफ्टला नवा टायर आणि धुणं. एक टायर बदलताना त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या टायरची झीज बघा, फरक जास्त असेल तर जोडी बदला.

फियाटचे चारही ड्रम उघडले. पुढच्या दोन्हींत लायनरची भुकटी, उजव्या पुढच्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली ओलसरपणा. घाटात तापलेल्या रबराने सोडायला सुरुवात केली होती. दोन्ही बाजूंचे किट बदलले, एकाच बाजूचा बदलला तर गाडी एका अंगाला ओढते. भुकटी फुंकून काढायची नाही, जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसायची. किंग पिन आणि प्रोपेलर शाफ्टच्या निपलांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरलं, खारी हवा आत राहू नये म्हणून. टॅपेट तपासले, तिसऱ्याचा खरंच सैल निघाला.

बॅकेलाइटचा तुकडा पंपाखाली नव्हताच. तो आता मागवला आहे.